तीन ठिपक्यांचा बेडूक

रविवार, १७ फेब्रुवारी २०१३, सकाळी साडेसात. रक्कम पाचशे रुपये. हजर चौघे: मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष, तलावाच्या पाळीवर मासे कापून देणारी बाई, मिस्त्री आणि मी.

"पहिले पावती फाडा जी," मिस्त्री म्हणाले, "मंग टाकतो."

अध्यक्षांनी पावतीपुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. दंड गुन्हा झाल्यावर घ्यायचा असतो एवढं त्यांना ठाऊक होतं. हा माणूस गुन्ह्याच्या आधीच पैसे हातात धरून उभा होता.

मिस्त्रींचं नाव मी लिहीत नाही. तसंही ते कोणाला ठाऊक नव्हतं. गोंदियातल्या ज्या राईस मिलमध्ये मी वजनकाट्यावर होतो, तिथे ते मशीन सांभाळायचे. मजूर त्यांना मिस्त्री म्हणत, मालक मिस्त्री म्हणत आणि घरी त्यांची बायकोही "मिस्त्री जेवाले बसले" असंच सांगे. मला सगळे काटाबाबू म्हणत. मिस्त्री नुसतं बाबू म्हणत.

मशीन बंद पडलं की दुसरा माणूस आधी पान्हा उचलतो. मिस्त्री हात मागे बांधून पाच मिनिटं नुसते उभे राहायचे. बाहेर धानाच्या गाड्यांची रांग लागलेली, मालक ओरडत असत, "मिस्त्री, क्या देख रहे हो?" मिस्त्री मान न वळवता म्हणत, "पाहून राहिलो." मग एकाच नटाला हात लावत आणि मशीन सुरू होई. मी काट्यावरून हे बऱ्याचदा पाहिलं आहे. पाच मिनिटांची सहा मिनिटं कधी झाली नाहीत.

रविवारी आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका गावातल्या तलावावर जायचो. जाऊन-येऊन बेचाळीस किलोमीटर. तो तलाव त्या गावच्या जुन्या शेतकरी घराण्यांनी बांधलेला, मासे मात्र संस्थेचे. संस्था बाहेरच्या लोकांना रविवारी गळ टाकू द्यायची, छडीमागे एक पावती. आमच्याकडे छडीसकट गळाला गरी म्हणतात. मिस्त्रींची गरी बांबूची होती आणि गांडुळं ते स्वतः घरामागच्या ओलीतून काढून आणत. गांडूळ गळावर ओवताना ते जीभ किंचित बाहेर काढायचे. पोरगं पहिल्यांदा सुईत दोरा ओवताना काढतं, तशी.

१९९९ च्या हंगामात मशीनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात गेला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मुळापासून तुटलं. तीन बोटं उरली. मी त्या वेळी अकरावा ट्रक मोजत होतो. मिलमधल्या बाकीच्या दिवसांचे आकडे वहीत आहेत, हा डोक्यात राहिला.

अंगठा नसला की काय काय जातं, हे तुम्हा-आम्हाला बसल्या जागी सुचणार नाही. पान्हा गेला. शर्टाची बटणं बायकोकडे गेली. वळवळणारं गांडूळ चिमटीत धरणं गेलं, कारण चिमूटच राहिली नव्हती. मिलने त्यांना गेटवर बसवलं. गेटवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

पण रविवारी ते येत राहिले. मी गळ टाकून बसायचो आणि ते शेजारी रिकाम्या हातांनी. पहिल्या दोन रविवारी मी त्यांच्या गळाला गांडूळ लावून दिलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी छडीच आणली नाही.

"काऊन जी?" मी विचारलं.

"गांडूळ तुमी लावता, मासा मी ओढतो," ते म्हणाले. "मंग मासा कोणाचा, बाबू?"

पाळीवरून जाणारं कोणी थांबून विचारी, "काय करून राहिले मिस्त्री?" ते म्हणत, "काई नाई. पाणी पाहून राहिलो." असं नऊ वर्षं चाललं.

२००८ साली बाजारातल्या सेठच्या दुकानात रबरी बेडूक आला. हा सेठ स्वतः गळाचा शौकीन. छड्या, रीळ, दोरे विकायचा आणि रविवारी आमच्यात येऊन बसायचा. बेडूक मऊ प्लास्टिकचा, हिरवा, पोटाशी पांढरा. गळाची टोकं त्याच्या अंगात दडलेली, त्यामुळे कमळाच्या पानांवरून ओढला तरी अडकत नाही. मरळ मासळी तो तोंडात घेते, मऊ लागतो म्हणून सोडत नाही, आणि आवळला की गळ बाहेर येतो. सेठ मला हे सगळं समजावून सांगत होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: हा एकदा बांधला की दिवसभर पुन्हा काही ओवायचं नाही.

बेडूक आणि रिळाची छडी मी विकत घेतली. त्या रविवारी मिस्त्रींनी ती काखेत धरली, दोरा दातांनी ओढून गाठ मारली आणि डाव्या हाताने रीळ फिरवलं. तिसऱ्या फेकीला कमळाच्या पानांत 'फट्' असा आवाज झाला. मरळ सव्वा किलो भरली. मी स्प्रिंगच्या काट्यावर दोनदा पाहिलं. मिस्त्री तिच्याकडे बघत म्हणाले, "हा माझा."

तेव्हापासून ते प्रत्येक नव्या बेडकाच्या पोटावर तापलेल्या सुईने तीन ठिपके द्यायचे. मिलमध्ये असतानाही आपल्या प्रत्येक हत्याराला ते खूण करत, तीच सवय. "तीनच काऊन?" मी विचारलं, तर उजवा हात पुढे करून म्हणाले, "मोजा."

आता बंदीकडे येतो.

मरळ कधी बेडूक घेऊन दोरा तोडून जाते. कधी दोरा पाण्याखालच्या खोडाला अडकतो आणि आपणच तोडतो. गेलेल्या बेडकाचं पुढे काय होतं, हा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. मीही नाही, आणि मी तर पेट्रोलचाही हिशेब ठेवणारा माणूस. तो विचार मासे कापणाऱ्या बाईने केला. पाळीवर विळी मांडून ती संस्थेचे मासे कापून द्यायची. पोटातून निघालेले रबराचे तुकडे ती धुऊन एका तेलाच्या डब्यात टाकत गेली. का, तर म्हणाली, "फेकले तं पुन्हा तलावातच जातेत ना."

६ जानेवारी २०१३ च्या रविवारी अध्यक्षांनी आम्हा शौकिनांना संस्थेच्या टिनाच्या शेडमध्ये बोलावलं. आम्ही अकरा जण होतो. अध्यक्ष स्वतः जाळ्यात आयुष्य गेलेला माणूस, बोलायला आखडता. त्यांनी डबा टेबलावर पालथा केला.

"बाबू, मोजा."

मी मोजले. एकेचाळीस. अख्खे बेडूक, रबरी गांडुळं, माशाच्या शेपट्या. काही फुगून दुप्पट झालेले.

"मासा खाते, ह्ये पोटात बसते, मंग मासा वाळते," अध्यक्ष म्हणाले. "एका गिऱ्हाइकाच्या रश्श्यात निघालं. त्यानं शेजारच्या चार घरी सांगतलं. आमचा मासा कोण घेईन? हे प्लास्टिक बंद करतो म्हणून राहिलो. जो टाकंल त्याले पाचशे दंड. तीन आठवडे देतो, तुमचं काय म्हणणं ते सांगा."

म्हणणं लगेच सुरू झालं. बँकेतले एक साहेब म्हणाले, सरकारने बंदी घातलेली नाही, संस्थेला हा अधिकार कोणी दिला? सेठ म्हणाला, "अरे भैया, नदी में पूरी शादी की पत्तल बह के आती है, उसको कोई नहीं बोलता, हमारा मेंढक दिख गया?" तिसरा म्हणाला, हे आमचे नाहीतच, चोरून मासे मारणाऱ्यांचे असतील. हे बाकीच्यांना एकदम पटलं. हो, चोरट्यांचेच! आमच्यातला प्रत्येक जण बेडूक परत आणतो. अध्यक्ष टेबलावरचे तुकडे बोटाने इकडून तिकडे सरकवत होते.

मिस्त्री पुढे झाले. हात मागे बांधून टेबलाजवळ उभे राहिले आणि पाहत राहिले. मी सवयीने घड्याळ पाहिलं. मग डाव्या हाताने त्यांनी एकेक बेडूक उलटा करायला सुरुवात केली. सात बाजूला काढले. सातांच्याही पोटावर तीन ठिपके.

"हे माझे," ते म्हणाले.

बाहेर बाईच्या विळीचा आवाज तेवढा येत होता.

"मिस्त्री," सेठ दात दाबून म्हणाला, "किसने बोला था मुँह खोलने को?"

"मी मुका राहिलो असतो," मिस्त्री म्हणाले, "तं बेडूक बोलला असता."

चोरट्यांची गोष्ट तिथेच संपली. सेठकडे आणखी एक मुद्दा होता. बाजारात आता विरघळणारे बेडूक आले आहेत, पाकिटावर तसं छापलं आहे, महाग आहेत पण आपण तेच वापरू. हा मुद्दा मला पटला. मिस्त्रींची छडी सुटू नये असं मला मनापासून वाटत होतं, आणि यात ती सुटत नव्हती. मी तसला एक बेडूक विकत घेतला, सोनाराकडे वजन केलं, तलावाच्या पाण्याने भरलेल्या बरणीत टाकला आणि खिडकीत ठेवला. वजन पाच ग्रॅम.

घरात सगळ्यांनी त्या बरणीवरून माझी यथेच्छ थट्टा केली. बायको रोज सकाळी विचारी, "विरघळला का जावई?" अठरा दिवसांनी मी तो काढला, पुसला आणि सोनाराकडे नेला. आठ ग्रॅम. विरघळायचं सोडा, तो जेवून उठल्यासारखा झाला होता.

आता हा आकडा सांगायचा की नाही? शनिवारभर मला चैन नव्हतं. शेवटी २७ जानेवारीच्या बैठकीत मी तो सांगितला. पाच आणि आठ. मला खोटं वजन सांगता येत नाही. हा काही मोठेपणा नाही, काट्यावर तीस वर्षं बसल्यावर जीभच वळत नाही. सेठने कपाळाला हात लावला. "एक मिस्त्री कम था, अब काटाबाबू भी!"

बंदी ठरली. अध्यक्षांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "बाबू, तुमचं अक्षर चांगलं. तुमीच लिहा."

मी म्हणालो, "मिस्त्रींपुरती सूट लिहू का?"

अध्यक्षांनी मिस्त्रींच्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा विरोध दिसला नाही. पण सेठ लगेच म्हणाला, "तो फिर मेरे कंधे में भी दर्द है." बँकेच्या साहेबांना शुगर होती. एकाने गुडघा दाखवला. अकरातले सहा जण दोन मिनिटांत आजारी पडले.

"नोका लिहू," मिस्त्री म्हणाले. "सात तं माझेच निघाले."

मग मी लिहिलं: 'मऊ प्लास्टिकचे किंवा रबराचे कोणतेही आमिष तलावात टाकू नये.' अध्यक्षांनी फक्त प्लास्टिक सांगितलं होतं. 'किंवा रबराचे' हे दोन शब्द मी घातले, नियमात फट राहू नये म्हणून. अक्षर खरंच चांगलं आलं होतं. कागद शेडच्या दारावर लावला.

पुढच्याच रविवारी मिस्त्री एक जुनी सायकलची ट्यूब घेऊन आले. तिचे तुकडे शिवून त्यांनी बेडूक केला होता. टाके वाकडेतिकडे, पण पाय चार. एका हाताने तो कसा शिवला, त्यांनाच ठाऊक. टाकणार तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांनी ट्यूब दाबून पाहिली. कागद वाचला. पुन्हा ट्यूब पाहिली.

"मिस्त्री, हे तं रबरच होय ना?"

"हाव."

"कागदावर रबर लिवलं हाये."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बिघडलेल्या मशीनकडे पाहायचे तसं, काय तुटलं असेल याचा अंदाज घेत. मी दुसरीकडे बघितलं. कागदावर सर्वांच्या सह्या होत्या. एकट्याने दोन शब्द खोडायचे, हे मला त्या वेळी जमलं नाही. आज वाटतं, खोडायला हवे होते. अध्यक्षांनी मानही हलवली असती.

त्या आठवड्यात मी सुताराकडून लाकडी बेडूक करून घेतला. मरळ त्याला एकदा चावली आणि थुंकून गेली. दुसऱ्यांदा तो कमळाच्या देठात अडकला आणि तिथेच राहिला. चिंधीचा केला, तो भिजून बुडाला. पाण्यात चालेल असा बेडूक मला काही जमेना. मिस्त्री म्हणाले, "राहू द्या बाबू. तुमी कायले तरास घेता?"

त्यानंतरचा रविवार म्हणजे सुरुवातीला सांगितला तो. त्यांच्याकडे एकच बेडूक उरला होता. पाचशेची नोट पुढे धरून ते उभे होते.

"पण गुन्हा कुठं झाला?" अध्यक्ष म्हणाले.

"होऊन राहिला ना आता."

"मिस्त्री, मी तिकडं तोंड करून उभा राहतो. टाका तुमी. मी पाह्यलंच नाही."

"मी पाह्यलं ना," मिस्त्री म्हणाले. "फाडा पावती."

मासे कापणारी बाई विळीवरून म्हणाली, "फाडा हो अध्यक्ष, नाई तं मिस्त्री इथंच उपास करतेत."

अध्यक्षांनी पावती फाडली. क्रमांक एक. कशाबद्दल, या रकान्यापाशी ते अडले आणि पुस्तक माझ्याकडे आलं. मी लिहून परत केलं: 'रबरी बेडूक, फेक एक.'

मिस्त्रींनी दातांनी गाठ आवळली. छडी काखेत घेतली. बेडूक लांब जाऊन कमळाच्या पानावर पडला, हलकेच, खरा पडावा तसा. त्यांनी तो चार मिनिटं ओढला. चार मिनिटं एका फेकीला कोणी घेत नाही. एक पान, थांबला. दुसरं पान, थांबला. मधल्या मोकळ्या पाण्यात उतरला तेव्हा त्याच्यामागे पाणी फुगलं. मोठी मरळ होती. ती मागे मागे आली, अगदी चार हातांवर. अध्यक्षांच्या हातातलं पावतीपुस्तक खाली पडलं आणि कोणी ते उचललं नाही. मग ते फुगलेलं पाणी सपाट झालं. मरळ वळून गेली होती.

बेडूक काठाला लागला.

"टाका अजून एक," अध्यक्ष म्हणाले. "पावती तं फाटलीच हाये."

"एकाचेच दिले," मिस्त्री म्हणाले. दातांनी दोरा तोडून त्यांनी बेडूक बाईच्या डब्यात टाकला.

पुढे ते दीड वर्ष दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून येत राहिले, छडी न आणता. सेठ आणि बाकीचे दुसऱ्या तलावावर जाऊ लागले, तिथे कागद नव्हता. मीही गळ टाकणं जवळपास सोडलं. आम्ही दोघं बसायचो. कोणी विचारलं की ते म्हणत, "पाणी पाहून राहिलो." २०१४ च्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि पाचव्या दिवशी ते गेले.

तेराव्या दिवशी अध्यक्ष गावाहून आले. दंडाचे ते पाचशे रुपये त्यांनी संस्थेच्या खात्यात घातलेच नव्हते, एका पाकिटात ठेवले होते. पाकीट त्यांनी मिस्त्रींच्या बायकोपुढे धरलं. तिने हात पुढे केला नाही.

"कायले जी? मिस्त्रींनं पैसे देऊन गरी टाकली ना," ती म्हणाली. "वापस घेतले तं चोरून टाकल्यावाणी होते."

अध्यक्ष पाकीट घेऊन परत गेले.

२०१५ च्या उन्हाळ्यात तलावाचा ठेका दुसऱ्याकडे गेला. नव्या ठेकेदाराने दारावरचा कागद काढला. आता पोरं मोटरसायकलींवर येतात, प्रत्येकाच्या डबीत दहा-बारा बेडूक. दंडाच्या पुस्तकातली एकच पावती फाटलेली राहिली. अध्यक्षांनी शेडची किल्ली सोपवली त्या दिवशी त्यांनी मला बोलावलं होतं. पाकीट त्यांनी मासे कापणाऱ्या बाईच्या हातात दिलं. म्हणाले, "डबा तुवाच सांभाळला."

बाईने पाकीट कमरेला खोवलं. मग विळीशेजारच्या वाटीतून एक बेडूक काढून माझ्या तळहातावर ठेवला. "आज सकाळी एका मरळीच्या पोटातून निघाला बाबू. पाहा बरं, त्यायचाच होय ना?"

तो इतका फुगला होता की ठिपके एकमेकांपासून लांब गेले होते. पण तीनच होते. वर्ष होत आलं मिस्त्रींना जाऊन, आणि हा पाण्यातून आत्ता येत होता. मी तो धुऊन रुमालात बांधला. सोनाराने वजन केलं, नऊ ग्रॅम.

पाचशे रुपये बाईला पोचले. बेडूक माझ्याकडे आहे.